बांधावरचा हात

मादे लानुसच्या घरी त्या सकाळी कॉफी दोनदा झाली आणि दोन्ही वेळा गार झाली. पहिल्यांदा तो अंगणात फेऱ्या घालत उद्याच्या सभेतले भाषण घोकत होता म्हणून, आणि दुसऱ्यांदा बायको बोलत नव्हती म्हणून. रांतेन चुलीपाशी बसून खोबरे किसत होती. किसणीवरचा हात नेहमीपेक्षा जोरात चालला होता. इतकी वर्षे संसार केलेल्या नवऱ्याला एवढ्यावरून पुढचे सगळे कळते.

"काय झालं ते सांग तरी," तो शेवटी म्हणाला.

"काही नाही. काल बाजारात केर्नी दिसली."

केर्नी ही त्यांची एकुलती एक मुलगी. दिलेली याच गावात, हाकेच्या अंतरावर, न्योमान वेर्दाच्या घरी.

"मिरच्या घ्यायला उभी होती. कडेवर पोर. भाजीवालीनं मागच्या बाईला दिल्या, तिच्याही मागच्या बाईला दिल्या, हिच्याकडं बघेचना. जणू तिथं माणूसच नाही. शेवटी पोरगी तशीच गेली." किसणी थांबली. "मी पण होते तिथं. मी पण नाही बोलले. तुमच्या नियमापायी."

"माझा नियम नाही तो. बंजारचा आहे. आजे-पणजांपासून चालत आलाय."

"चालत कुठला आलाय? झोपला होता. तुम्ही उठवलात."

लानुसने छत्री उचलली आणि शेतातले पाणी बघायला म्हणून घराबाहेर पडला.

लानुस हा बंजारचा कारभारी. वस्तीतली सगळी घरे मिळून बंजार होतो, आणि बालीच्या त्या डोंगरउतारावर माणूस बंजारात जन्मतो, बंजारात लग्न करतो आणि बंजारच्या खांद्यावरून स्मशानात जातो. सरकार तिकडे देनपासारला. इथे चावडी म्हणेल ते खरे. पण लानुसला कारभारीपण पुरेना. त्याला सगळ्या वस्त्या मिळून जे गाव होते, त्या गावाचा बेंडेसा व्हायचे होते. बेंडेसा म्हणजे देवळे, स्मशान, बाजार, सणवार, साऱ्याची किल्ली एका कमरेला. त्याचा बाप आयुष्यभर चावडीच्या शेवटच्या ओळीत, खांबाआड बसला होता. तो खांब लानुसच्या डोळ्यांपुढून कधी हलला नाही. इथवर कुणी त्याला दोष देणार नाही. वर चढावेसे कुणाला वाटत नाही?

आड आला तो व्याही. वेर्दा निवृत्त मास्तर. निम्मे गाव त्याच्या हाताखाली शिकलेले. तो उभा राहिला असता तर लानुसची डाळ शिजली नसती, आणि हे लानुसला पुरते ठाऊक होते. नेमकी वेर्दाने स्वतःच संधी दिली. एका सभेत तो उठून म्हणाला, "माणसाला वाळीत टाकायचा हा नियम आपण काढून टाकू या. गुन्हा असेल तर दंड करा. पण जिवंत माणसाला मेला म्हणायचं आणि मेल्यावर जागा द्यायची नाही, हा कुठला धर्म?"

सभेत कुजबुज झाली. बऱ्याच जणांच्या माना हलल्याही होत्या. त्या हललेल्या माना बघितल्या आणि लानुस ताडकन उठला.

"आज नियम नको म्हणताय मास्तर, उद्या देऊळ नको म्हणाल. ज्यांनी हे लिहून ठेवलं ते आपले पूर्वज काय मूर्ख होते?"

झाले. पूर्वजांचे नाव निघाले की आमच्याकडे शहाण्याची जीभ टाळूला चिकटते. वेर्दाने माफी मागावी असे ठरले. त्याने मागितली नाही. ज्या नियमाविरुद्ध तो बोलला तोच नियम त्याच्या घरावर घातला गेला. त्या घराशी कुणी बोलायचे नाही, देणे-घेणे करायचे नाही, त्यांनी देवळात आणि स्मशानात पाय ठेवायचा नाही. बोलेल तोही वाळीत. लानुसने त्या रात्री बायकोला समजावले होते, "महिन्याभरात येईल नाक घासत. एवढी निवडणूक होऊ दे, मीच मोकळं करतो त्यांना. आपली पोर आहे तिथं, मला काय कळत नाही?"

महिना गेला. भाताचे एक पीक निघून दुसरे पोटरीला आले. केर्नीला मुलगा झाला आणि बारशाला कोणी गेले नाही. आजोबाही गेला नाही. वेर्दा आला नाही तो नाहीच. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो असा.

त्या सकाळी लानुस पाटाच्या कडेने चालला होता. ऊन चढले होते. पाटाच्या पलीकडे, भाताच्या देवीच्या देवळीला पाठ टेकून, वेर्दा बांधावर बसला होता. टोपी बाजूला पडलेली, पाय पाण्यात. लानुसची पावले मंदावली. इतक्यात वेर्दाने हात वर केला. फार वर नाही, खांद्यापर्यंत, पंजा उघडा. तोंडाने काही बोलला नाही.

लानुसने ते नीट पाहिले. दूरवर, खालच्या खाचरात, बदके चारणारा एक माणूस काठी टेकून उभा होता. आपण उत्तर दिले तर सूर्य मावळायच्या आत गावभर होईल, आणि बेंडेसा निवडायची सभा तर उद्यावर. हा एक विचार. पण त्याच्या आधी, अगदी आधी, जे त्याच्या मनात आले ते वेगळेच होते. वाकला, असे त्याच्या मनात आले. मास्तर अखेर वाकला. आता हात जोडायला आलाय.

आणि त्याला आनंद झाला. तो मान वळवून पुढे चालू लागला. चाल हलकी झाली होती. वळणावर गेल्यावर तो चक्क शीळ घालत होता.

दुपारी सुकार्सा आला. गेदे सुकार्सा हा लानुसचा उजवा हात. तरुण, गोडबोल्या, लानुसनेच वर आणलेला. तो धापा टाकत होता, पण चेहरा उजळलेला.

"दादा, कळलं का? वेर्दा मास्तर गेला. छातीत कळ आली असणार. बांधावरच बसल्या जागी. पोरगा जेवायला बोलवायला गेला तर थंडगार." मग आवाज उतरवून, "वाईट झालं म्हणा. पण काटा आपोआप निघाला. त्याच्यासाठी मनातून हळहळणारी मतं आता कुणीकडं जाणार, सांगा बघू?"

लानुस ओसरीच्या पायरीवर बसला.

"कधी?" त्याने विचारले.

"काय कधी?"

"गेला कधी?"

"ते कोण सांगणार? सकाळीच कधीतरी."

एवढ्यात दाराशी कोणी तरी उभे राहिले. केर्नी होती. तान्ह्याला कडेवर घेऊन, केस मोकळे, पायांना शेतातला चिखल. तिने उंबरा ओलांडला नाही. वाळीतल्या माणसाने दुसऱ्याचा उंबरा ओलांडायचा नसतो, आणि बापाच्या घराचा उंबराही दुसऱ्याचाच.

"बापा," ती म्हणाली, "सासरे गेले."

लानुसने मान वर केली. ओसरीवर सुकार्सा होता, गल्लीत शेजारी थबकले होते. बोलेल तोही वाळीत.

"कुलकुल वाजवायला सांगा. लोक येऊ देत. आणि स्मशानात जागा द्या. एवढंच मागते. नंतर पुन्हा आमच्याशी नका बोलू, आयुष्यभर नका बोलू."

कुलकुल म्हणजे चावडीच्या मनोऱ्यावर टांगलेला पोकळ लाकडाचा ओंडका. माणूस मेला की तो वाजतो आणि सगळा बंजार हातातले काम टाकून त्या घरी जातो. त्या दुपारी तो वाजला नव्हता.

सुकार्साच तिच्याकडे न बघता, अंगणातल्या फणसाकडे तोंड करून म्हणाला, "चावडीचा नियम सगळ्यांना ठाऊक आहे. माफी मागितली की मोकळं."

"मेलेल्या माणसानं माफी कशी मागायची, तेवढं सांगा की!" केर्नीचा आवाज फाटला. मग ती पुन्हा बापाकडे वळली आणि हळू बोलली, आणि ते हळू बोलणेच लानुसला जास्त लागले. "बापा, ते खूप वेळ बसून होते तिथं. टोपी काढून ठेवली होती. त्या वाटेनं कुणीतरी गेलंच असेल ना? रोज जातात लोक. एक हाक मारली असती आमच्या घराकडं तोंड करून, नुसती हाक, तरी धावत गेलो असतो आम्ही. कुणी असेल हो तो माणूस?"

लानुसने खाली पाहिले. पायऱ्यांवर मुंग्या चालल्या होत्या, त्या तो बघत राहिला. थोड्या वेळाने त्याने मान वर केली तेव्हा दारात कोणी नव्हते.

आतून रांतेन बाहेर आली. तिने कामाचे लुगडे कमरेला घट्ट बांधले होते, डोक्यावर परडी, परडीत नारळाची कोवळी पाने आणि सुरी. मयताच्या घरी पूजेच्या परड्या विणायला बायका असेच सामान घेऊन जातात.

"कुठं निघालीस?" लानुस एकदम उठला.

"कामाला. तिथं मढं पडलंय आणि घरात माझी पोर आणि तिची सासू. दोन बायकांनी काय काय करायचं?"

"अगं, उद्या सभा आहे! एक दिवस थांब. फक्त एक दिवस. उद्या एकदा माझ्या हातात आलं की मी स्वतः..."

"हेच तुम्ही पहिल्या दिवशी बोलला होता," ती म्हणाली. रागावलीही नाही. "तेव्हा मी ऐकलं. बाजारात काल ऐकलं. आता नाही ऐकत. तुम्हाला गाव पाहिजे ना? घ्या. मला माझी पोर पाहिजे."

"वहिनी," सुकार्सा गडबडीने मध्ये पडला, "बंजारात माणूस एकटा नसतो. नवरा-बायकोची जोडी असते. तुम्ही गेलात तर दादाही..."

"ते मला ठाऊक आहे," रांतेन म्हणाली. "त्यांच्या लक्षात नव्हतं."

भर दुपारी, सगळ्या गल्लीच्या देखत, ती वेर्दाच्या घराकडे चालत गेली. चालताना तिने पदर सुद्धा तोंडावर घेतला नाही.

खरेच लानुसच्या लक्षात नव्हते. त्याने गावातल्या एकूण एक माणसाचा हिशोब केला होता. कोणाला बांधाचे भांडण सोडवून द्यायचे, कोणाच्या पोराला चिकटवायचे, कोणाला नुसते हसून नमस्कार करायचा, सगळे. पण ज्या बायकोच्या जोडीने त्याला चावडीत बसायची जागा होती, तिला त्याने एकदाही काही विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडी भरली. सगळ्या वस्त्यांचे कर्ते पुरुष आले होते, पांढरी फडकी डोक्याला बांधून. लानुस पुढे बसला होता. त्याचे डोळे सुजले होते. वाटेत सुकार्साने त्याला मार्ग काढून दिला होता, आणि मार्ग सोपा होता: रांतेन आजपासून माझी बायको नाही, आणि माझी विधवा भावजय माझ्या घराची जोडी म्हणून बसेल. दोन वाक्ये. "नंतर बघू की दादा. बायका काय, रुसतात, येतात. खुर्ची पुन्हा येत नाही."

लानुसने ती वाक्ये पाठ केली होती. तो बोलायला उठला.

"काल माझ्या घरात जे झालं ते सगळ्यांना कळलंय," तो म्हणाला. "रांतेन..."

तो थांबला. सगळे वाट बघत होते. मागच्या ओळीत कोणी तरी खोकले. त्याने पुन्हा सुरुवात केली, पण त्याच्या तोंडून पाठ केलेले वाक्य आलेच नाही.

"वेर्दा मास्तर काल सकाळी जिवंत होता. मी पाहिलाय. मी पाटाच्या कडेनं चाललो होतो. त्यानं मला बघून हात वर केला. त्याला दुखत होतं. मला बोलावत होता. मी बघितलं आणि निघून गेलो."

लानुसला वाटले, आता कोणी तरी उठेल. थुंकेल. निदान मान फिरवेल. वेर्दाकडे शिकलेली इतकी माणसे समोर होती, त्यांतला एक तरी उठून गचांडी धरेल. त्याला ते हवे होते. आयुष्यात कधी कशाची वाट पाहिली नव्हती इतकी त्याने त्याची वाट पाहिली.

पहिल्या ओळीतला एक म्हातारा घसा खाकरून म्हणाला, "बरोबर केलंस. वाळीतल्या माणसाशी बोलायचं नाही म्हणजे नाही."

"सख्खा व्याही!" दुसरा म्हणाला. "मरायला टेकला तरी नियम मोडला नाही गड्यानं. आमच्याच्यानं झालं नसतं."

"असा कडक माणूस पाहिजे गावाला."

"आता दादा बायकोलाही सोडतील नियमासाठी, बघाच!" हे सुकार्साचे होते. तो हसत होता. आणि मग एकामागून एक आवाज उठत गेले, लानुस, लानुस, बेंडेसा लानुस. मागच्या ओळीत, खांबाआड बसलेली माणसेही ओरडत होती.

जे मिळवायला तो जन्मभर धडपडला ते त्या क्षणी त्याच्या पदरात पडले होते. आपल्या आयुष्यातली सर्वांत काळी गोष्ट त्याने लोकांना सांगितली होती आणि त्यांनी तिचीच त्याला पगडी घातली होती. लानुसला एकदम कळले, की या माणसांना असे त्यानेच केले आहे. वेर्दाचे बोलणे ऐकून याच माना हलल्या होत्या. याच त्या माना.

"नको," तो म्हणाला. गलक्यात कोणाला ऐकू गेले नाही. तो चावडीच्या पायऱ्या उतरला.

तो वेर्दाच्या घराच्या वाटेला लागला तसा सुकार्सा मागून धावला. "दादा, अहो दादा! त्या उंबऱ्याला पाय लागला तर परतीची वाट नाही, सांगून ठेवतो!" लानुस थांबला नाही, आणि सुकार्सानेही फार आग्रह केला नाही. वर खुर्ची रिकामी होती. दुपारी बेंडेसा म्हणून गेदे सुकार्साचे नाव मुक्रर झाले, आणि मादे लानुसचे घर वाळीत पडले.

पुढे काही वर्षांनी त्या गावाने हा नियम आपल्या हाताने खोडला. तो खोडावा म्हणून लानुसने वस्ती-वस्तीत, दारोदार फिरून, अपमान गिळत बोलणे चालू ठेवले होते. शहरातले लोक त्याला सुधारक म्हणू लागले. कोणी तसे म्हटले की तो बसल्या जागेवरून उठून जात असे. का, ते रांतेनला ठाऊक होते.

सभेच्या त्या सकाळी, चावडी उतरून तो वेर्दाच्या घरात शिरला तेव्हा अंगणात जावई एकटाच तिरडीसाठी बांबू चिरत होता. त्याने वर पाहिले आणि पुन्हा मान खाली घातली. गावचे स्मशान बंद होते, म्हणून देनपासारला न्यायला त्याने एक ट्रक सांगितला होता. ओट्यावर पांढऱ्या कापडाखाली वेर्दा निजला होता. रांतेन आणि केर्नी परड्या विणत होत्या. रांतेनने नवऱ्याला पाहिले. हातातले पान तसेच राहिले, पण ती उठली नाही.

लानुस मुलीपुढे उकिडवा बसला. "केर्नी, काल तू विचारलंस ना, त्या वाटेनं कोण गेलं होतं..."

तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि तिला कळले. पुढचे काही सांगावे लागले नाही. तिने मांडीवरच्या पोराला छातीशी ओढून घेतले, जणू कोणी ते हिसकावून नेणार होते.

"मला सांगून मोकळे होऊ नका," ती म्हणाली. "तिकडं सांगा. सासूबाईंना."

विहीण मयताच्या पायांशी बसली होती. लहानखुरी बाई, कालपासून काही खाल्लेले नाही. लानुस तिच्यासमोर जाऊन बसला. मान खाली घालून त्याने सगळे सांगितले. पाट, बांध, बाजूला पडलेली टोपी, वर केलेला हात. आपण मान वळवली तेही, आणि आपल्याला आनंद झाला तेही. शीळ घातल्याचेसुद्धा सांगितले. रांतेनच्या हातून परडी खाली पडली.

विहीण ऐकत होती. ती रडली नाही, ओरडली नाही. मग तिने विचारले, "म्हणजे तुम्ही दिसला होता त्यांना?"

"हो."

"ओळखलं त्यांनी?"

"हो. ओळखूनच हात केला."

"मग बरं झालं," ती म्हणाली. "मी रात्रभर म्हणत होते, एकटेच गेले, कुणी दिसलं पण नाही शेवटी. तुम्हाला बघून धीर आला असेल त्यांना. म्हणाले असतील मनात, व्याही आला, आता काळजी नाही."

तिने कापडाची सरकलेली कड नीट केली, आणि मग तिच्या मनात काही आले असावे. ती लानुसकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरेच जाणून घ्यायचे होते.

"किती वेळ वाट बघितली असेल हो त्यांनी तुमची?"